लाइट सुरू आहे

ऑटोमोटिव्ह चौकात, दुपारी पावणेएकला,
रूपचंद डोंगरवार पिकअप लावतो माझ्या टपरीसमोर
आणि बोनेट उघडायच्या आधीच मला शिंक येते.
मागे भिवापुरी मिरचीची पोती, कळमन्याला निघालेली.
"दिवसाचे लाइट जळून नाही राहिले," म्हणतो.
"अन् रातचे?"
"रातचे बराबर आहेत."

मी वर बघतो. सत्तेचाळीस अंश.
डांबर मऊ पडलंय, पंक्चरवाल्याच्या टाकीखाली
कुत्रं जीभ काढून झोपलंय.
एवढ्या उजेडात दिवे कोणाला पाहिजेत बावा?
पण गिऱ्हाइकाला असं विचारू नये.
दाताचा डॉक्टर विचारतो का,
दुसऱ्या बाजूनं चावता येत नाही काय म्हणून?

हमीदभाईंची शिकवण : झडती स्वस्तापासून सुरू करायची.
फ्यूज उपसून उन्हात धरला.
आतली तार केसाएवढी, पण शाबूत.
रिले काढला, हॉर्नच्या खाचेत बसवला, दाबला.
कुत्रं उठून पळालं. रिले निर्दोष.
बॅटरीवरून सरळ वायर दिली,
दोन्ही दिवे लागले, गुणी पोरांसारखे.
म्हणजे दिव्यांत दोष नाही. अर्थिंगमध्ये नाही.
"उंदीर?"
"मिरचीच्या गाडीत उंदीर येत नाही, भाऊ."
तेही खरंच.

घाम मल्टिमीटरच्या काचेवर टपकतो, आकडे पोहायला लागतात.
करंट कुठंतरी अडून बसलाय,
कोणीतरी त्याला सांगितलंय, थांब.

आणि मग माझ्या तोंडून निघतंच :
"दिवसा कायले पाहिजेत तुले?"
तो चाकाकडे बघून बोलतो.
"उमरेड रोडले. मार्च महिन्यात. अशीच दुपार.
जुनी गाडी होती तवा, तिले हे लाइट नव्हते.
समोरचा उतरला अन् म्हणे, दिसलेच नाही तुम्ही.
पांढरी गाडी, पांढरं ऊन.
बाजूले साळा बसून होता माहा."
पुढचं मी विचारत नाही.
तो एका पोत्याची सुतळी घट्ट करतो,
जी घट्टच होती.

स्टीअरिंगमागे वाकलो तेव्हा दिसली
डॅशबोर्डवर चिकटवलेली काळी टेप, नखाएवढी.
"हे काय?"
"लाल लाइट जळतच राहे. डोळ्याले खुपे."
टेप सोलली.
हँडब्रेकचा दिवा. लालभडक.
आणि हँडब्रेक तर खाली, पूर्ण खाली.

म्हणजे गाडीला वाटून राहिलं होतं
की आपण उभ्याच आहोत.
भिवापूर, उमरेड, पाचगाव, दिघोरी,
ऐंशीच्या वेगात, उभ्याच.
उभ्या गाडीनं दिवसा दिवे कशाला लावावेत?
तिच्या हिशोबानं तिचं बरोबर होतं.

लिव्हरचं कव्हर काढलं. खाली एवढंसं स्विच,
आणि त्याच्या फटीत
मिरचीचं एक बी.
सुईनं टोकरलं, वर फुंकर मारली
आणि तिखट पूड उडाली सरळ डोळ्यांत,
माझ्या, त्याच्याही.
दोघं टपरीच्या माठापाशी बसून राहिलो नाक ओढत.
बरं झालं. काही बोलावं लागलं नाही.

इंजिन सुरू. हँडब्रेक खाली.
दोन पांढरे ठिपके, उन्हात विरघळलेले,
तळहाताची सावली धरून बघावे लागले, आहेत की नाहीत ते.
"आहेत," मी म्हटलं.
त्यानं दीडशे दिले, पेपरात मूठभर मिरच्या दिल्या,
गाडी रस्त्यावर काढली.

आता मला फक्त मागचा फाळका दिसतो,
पोती, ताडपत्री, उडणारी धूळ.
पुढचे दिवे काही दिसत नाहीत.
पण समोरून स्कूटीवर एक बाई येते, तोंडाला दुपट्टा,
आणि त्याच्याकडे बघून हात वर करते,
मूठ उघडते, मिटते, उघडते, मिटते :
लाइट सुरू आहे, दादा.
तिच्या मागचा दूधवालाही. त्याच्या मागून
ऑटोतून बाहेर आलेला एक हात.

तो बंद करत नसणार.
करताही येत नाहीत.
मी टपरीत उभा राहून मोजत जातो
उघडणाऱ्या मुठी.